आदल्या संध्याकाळची डायरी

माझी आई डायरी आदल्या दिवशी लिहायची. मंगळवारचं पान सोमवारी संध्याकाळी, आणि तेही सगळं घडून गेल्यासारखं. 'आज ह्यांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला.' 'आज थोरल्याने न सांगता नखं कापली.' 'आज मी कोणावरही ओरडले नाही.' डायरी टेबलावर उघडी पडलेली असायची. तिच्यात गुपित वगैरे काही नव्हतं, सगळ्यांनी वाचावी म्हणूनच ती तिथे असायची. आपण उद्या काय काय केलं हे वाचून मगच आम्ही झोपायचो.

नियम साधा होता. लिहिलेलं घडलं की ओळीपुढे बरोबरची खूण. नाही घडलं तर खोडाखोड करायची नाही, ओळ पुढच्या पानावर उतरवायची. बाबांचा नळ असा सबंध उन्हाळाभर पानापानांवर गळत राहिला. "मी शिंपी आहे, नळवाला नाही," असं ते रोज म्हणायचे आणि आई रोज तीच ओळ शांतपणे उतरवायची. शेवटी एका रविवारी ते पाना घेऊन ओट्याखाली शिरले, चिंब भिजून बाहेर आले, आणि खूण त्यांनी स्वतः केली. इतकी दाबून की कागद फाटला. मग दिवसभर ते घरात सेनापतीसारखे फिरत होते.

दादा लहानपणापासूनच हुशार. तो आईच्या मागे लागायचा, "मी वर्गात पहिला आलो असं लिही ना!"

"ते तुझ्या हातात नाही," आई म्हणायची. "तू अभ्यासाला बसलास, एवढं लिहिते."

"मग राहू दे," दादा म्हणायचा.

आई बसमध्ये कंडक्टर होती. बाईमाणूस कंडक्टर म्हणून सुरुवातीला लोक वळून बघायचे, नंतर तिच्या आवाजामुळे वळून बघू लागले. तिने 'दगडी पूल!' म्हटलं की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस उठून उभा राहायचा, त्याला दगडी पुलावर उतरायचं नसलं तरी. दादाने तो आवाज जसाच्या तसा उचलला. तो आज लिलाव पुकारतो. जुनी कपाटं, मोडक्या घड्याळांचे ढीग, बुडालेल्या दुकानांचं सामान, काय वाट्टेल ते तो खणखणीत आवाजात विकतो.

आणि मी अडखळते. 'प' आणि 'ब' ही माझी दोन हक्काची दुश्मन अक्षरं. तिथे माझं घोडं असं अडतं की समोरच्याला दया येते आणि तो माझा शब्द स्वतःच पुरा करून टाकतो. दयेइतका राग मला कशाचाच येत नाही. मी 'प… प…' करते तोवर समोरचा 'पाणी? पिशवी? पैसे?' अशी दुकानं मांडून बसतो. यात सगळ्यात पटाईत आमचा दादा. त्याने माझी इतकी वाक्यं पुरी केली आहेत की माझ्या नावावर खपलेली निम्मी मतं त्याचीच आहेत. मी चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात काम करते. तिथे यंत्रांचा आवाज एवढा की सगळेच खुणांनी बोलतात. नोकरी मी विचार करूनच निवडली होती.

लहानपणी शाळा सुटली की मी आईच्या बसमध्ये चढायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा माझी. मांडीवर वही, वहीवर अभ्यास आणि बाहेर सगळं शहर. खरं तर मला बाहेर बघावंच लागायचं नाही. शाईचा उग्र वास आला की जुना छापखाना, चाकं खडखडली की दगडी पूल, अंगावर एकदम सावली आली की कोर्टाची उंच भिंत. भाजी बाजाराला बस थांबली की एक म्हातारी खिडकीतून मला रोज एक गाजर द्यायची आणि आईकडून तिकीट मात्र चोख मागून घ्यायची. शेवटच्या थांब्यावर, कारखान्याच्या फाटकापाशी, भोंगा व्हायचा आणि निळ्या कपड्यांचा लोंढा बसवर आदळायचा. त्या मार्गावर मी सुखी होते. मनातल्या मनात सगळे थांबे मी आईच्या आधी पुकारायची, एकदाही न अडखळता.

आईला ते कसं कळलं कोण जाणे. माझे ओठ हलताना तिने पाहिले असतील. एका संध्याकाळी डायरीत ओळ आली, 'आज धाकटीने सगळे थांबे पुकारले. शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.'

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. पहिलाच थांबा पाण्याची टाकी. म्हणजे आला 'प'! समोर एक माणूस दोन्ही हातांनी भलामोठा आरसा सांभाळत उभा होता आणि त्या आरशात मी मलाच दिसत होते, आ वासलेली, मान ताठ, डोळे बाहेर. शब्द काही आला नाही. आई माझ्याकडे बघत थांबली, ड्रायव्हर आईकडे बघत थांबला नाही, आणि बस टाकी सोडून पुढे गेली. आरसेवाल्याने अख्खी बस डोक्यावर घेतली. तेवढा आरसा उचलून उन्हातून मागे चालत जायचं म्हणजे चिडणारच माणूस. पुढचे थांबे आईने पुकारले.

ती ओळ तिने दुसऱ्या पानावर उतरवली, मग तिसऱ्या. कितीतरी दिवस मी बसमध्ये चढलेच नाही, पायी घरी यायची. मग एकदा मी टेबलापाशी जाऊन म्हटलं, "न… नको लिहूस."

आईने पेन खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली. "उतरवत नाही. पण खोडणारही नाही."

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

आता आई म्हातारी झाली आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. उरली ती नुसती फुसफुस, आणि तीही थकते. म्हणून तिने आपला तिकिटं पंच करायचा जुना चिमटा बाहेर काढलाय. तो तिच्या खिशात असतो. एकदा 'कट' म्हणजे थांब, दोनदा 'कट कट' म्हणजे चल, बसच्या घंटेसारखंच. डॉक्टर आजाराची माहिती लांबवू लागले की ती 'कट' करते. डायरी मात्र अजून लिहिते, अजूनही आदल्या दिवशीच. 'आज औषध कडू लागलं नाही' ही ओळ सध्या पानापानांवरून पुढे चालली आहे.

तर झालं असं की आईचा तो मार्ग बंद व्हायचा होता. शहरात आता जमिनीखालून गाडी धावणार, वरची बस कोणाला हवी? शेवटच्या दिवशी एक खास फेरी काढायची असं आगारात ठरलं. हल्ली बसमध्ये थांबे सांगायला ध्वनिमुद्रित बाई असते, गोड आवाजाची, जिला कधी सर्दीसुद्धा होत नाही. त्या दिवशी तिला बंद ठेवायचं आणि जुन्या पद्धतीने थांबे पुकारायचे. त्यासाठी आगाराच्या साहेबांनी दादाला फोन केला आणि आईला बोलावलं. आईला आवाज नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी दादा घरी आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "काळजी नको. आवाज माझा, मान आईचा. मी पुकारतो. ही आईचा हात धरून बसेल."

ही म्हणजे मी.

आईने 'कट' केलं. एकदाच. मग चष्मा लावला, डायरी ओढली, उद्याचं पान काढलं आणि सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर वही आमच्याकडे फिरवली. 'आज धाकटीने सगळे थांबे पुकारले. शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.' शब्द तेच, अक्षर तेवढं थरथरतं.

 दादाने ओळ वाचली, क्षणभर तोंड वाकडं केलं आणि सरळ फोन उचलून साहेबांना सांगितलं, "झालं हो काम. बहिणीने पुकारले सगळे थांबे. छान पुकारले."

पलीकडून साहेब विचारत होते, "पण फेरी तर उद्या आहे ना?"

याला म्हणतात आमच्या घरात वाढलेला माणूस. लिहिलं म्हणजे झालं! माझ्या होकाराची कोणालाच गरज वाटली नाही. माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला. "म… मी नाही जाणार," मी म्हटलं.

आईने वाद घातला नाही. वर माळ्याकडे बोट दाखवून फुसफुसली, "जुन्या डायऱ्या काढ. थांब्यांची जुनी नावं बघून ठेव. आता सगळी बदललीत." जसं काही मी नाही म्हणालेच नव्हते.

मी रागारागाने शिडी लावली. डायऱ्या काढायच्या, तिच्यापुढे आपटायच्या आणि स्पष्ट सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पण धूळ झटकताना सगळ्यात खालची वही हातात उघडली, आणि मी तिथेच शिडीवर बसून वाचत राहिले. ती माझ्या जन्माआधीची होती. आईच्या नोकरीचे पहिले दिवस. 'आज माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला.' पुढे खूण नाही. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. खूण नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या… मी पानं उलटत गेले. मधे एका ठिकाणी समासात बारीक अक्षरात होतं, 'आज ड्रायव्हर असं म्हणाला नाही की, बाई, तुम्ही पुकारता की कानात सांगता?' पुन्हा तीच ओळ, खुणेशिवाय. पावसाळा संपला, स्वेटर विणायला घेतल्याची ओळ आली, स्वेटर पुरा झाल्याची खूण आली, आणि आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत गेलेला नव्हता. मग एका पानावर ती खूण सापडली. मोठी, दोन ओळींवर पसरलेली.

मला वाटायचं, आई तो आवाज घेऊनच जन्माला आली. दादासारखी. आणि आपण वेगळ्याच मातीचे, बाबांच्या बाजूचे, सुईदोऱ्याच्या शांततेचे. शिडीवर बसल्या बसल्या मला रडू आलं आणि हसूही आलं. आपण आईसारख्या आहोत, ही गोष्ट कळायला मला एवढं वय व्हावं लागलं.

खाली उतरले तेव्हा दादा निघत होता. दारात चपला घालता घालता मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, जमलं नाही तर नुसती माझ्याकडे बघ. मी तुझ्या शेजारीच आहे. तू सुरुवात कर, मी प…"

"प… पुरं करणार नाहीस तू!" मी ओरडले.

दादा चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला. आत आईने 'कट कट' केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कडक इस्त्रीचे कपडे घालून तयार होती, खिशात चिमटा. आगारात बस धुऊनपुसून उभी होती. आईच्या जुन्या मार्गावरची कितीतरी माणसं आली होती, काठ्या टेकत, नातवंडांना घेऊन. आई ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसली, माझ्या जागेवर. दादा तिच्या शेजारी. मी वरची दांडी धरून मधल्या वाटेत उभी राहिले.  साहेबांनी दोन शब्द बोलतो म्हणून भाषण सुरू केलं, ते आईने 'कट' करून थांबवलं. मग 'कट कट'. ड्रायव्हर हसला आणि बस निघाली.

पाण्याची टाकी लांबूनच दिसली. टाकी आता रंगवली आहे, बाकी जशीच्या तशी. बस हळू झाली. मी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"प…"

घोडं अडलं. सगळी बस माझ्याकडे बघत होती. मान ताठ झाली, डोळे बाहेर आले, मला ते आरशाशिवायही दिसत होतं. बस थांब्याला लागली. दादाचे ओठ हलले. आयुष्यभराची सवय, त्या बिचाऱ्याचाही इलाज नव्हता. आईने चिमटा त्याच्या गुडघ्यावर टेकवला आणि एकदा वाजवला. 'कट.'

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खरंच बंद केलं. बसमध्ये इतकी शांतता झाली की टाकीखाली गळणारं पाणी ऐकू येऊ लागलं. कोणी 'पाणी?' म्हटलं नाही, कोणी 'पूल?' म्हटलं नाही. मागे एक आजी नातवाला दटावत होत्या, "गप बस. घाई कोणाला आहे?" मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती, निवांत, जणू थांब्याचं नाव यायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

"प… पा… पाण्याची टाकी!"

आवाज फाटला. पण असा फाटला की खाली उभा असलेला एक माणूस दचकून बसमध्ये चढला. त्याला आमच्या फेरीशी काही देणंघेणं नव्हतं. बस हसली, मीही हसले, आणि शेवटच्या सीटवरून एक म्हातारबुवा ओरडले, "ऐकू आलं!"

 'कट कट.'

पुढे मी कशी पुकारत गेले, ते सांगताना आजही छाती फुगते. जुना छापखाना! तिथे आता बुटांचं दुकान आहे, पण मला शाईचा वास आला. दगडी पूल! चाकं अजून तशीच खडखडतात. मुलींची शाळा! कोर्ट! सावली बसवर आली आणि गेली. 'भाजी बाजार' दोनदा अडकला, तिसऱ्यांदा सुटला, तोवर ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून आरामात बसला होता. मी सगळ्या 'प'ना आणि 'ब'ना नमस्कार करत गेले, एकालाही वळसा घातला नाही. मी सुरळीत बोलू लागले असं कोणी समजू नये. मी सबंध मार्गभर अडखळले. पण प्रत्येक शब्द माझा होता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि तो संपेपर्यंत अख्खी बस थांबून राहिली.

शेवटी फाटक आलं. कारखाना गेला, भोंगा गेला, गंजलेलं फाटक तेवढं उभं आहे. नव्या पाटीवर भलतंच काहीतरी लिहिलंय. मी आईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"कारखाना फाटक! शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उतरलं मात्र कोणीच नाही. ती आजी म्हणाली, "अहो, आम्हाला परत सोडायला नको का?"

खरंच की. परतीच्या वाटेवरही तेवढेच थांबे होते. डायरीत परतीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

दादा उठला. कोट नीट केला, घसा साफ केला. "छान झालं हं," तो मला म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं, त्याचे डोळे ओले होते. "दमली असशील. आता बस. परतीचे मी पुकारतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लाडका आहे तो माझा, कितीही झालं तरी.

"द… दादा," मी म्हटलं. "ब… ब…"

त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाची वाट पाहिली.

"बस खाली," मी म्हटलं.

तो बसला. आईने चिमटा वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि दोनदा वाजवला.

त्या संध्याकाळी आईने डायरी घेतली आणि आजच्या ओळीपुढे खूण केली. बाबांसारखी, कागद फाटेल इतकी दाबून. मी समजले की आता ती पान उलटणार, उद्याचं लिहिणार. पण तिने पान उलटलं नाही. खूण केलेल्या ओळीखाली उरलेल्या जागेत, तिच्या सगळ्या डायऱ्यांत पहिल्यांदाच, घडून गेलेली गोष्ट घडून गेल्यावर लिहिली.

'परतीचेही तिनेच पुकारले. हे मी लिहिलं नव्हतं.'